हद्दीबाहेरची वर्दी

नियंत्रण कक्षात वर्दी घेणाऱ्या जवानाने तीन गोष्टी विचारायच्या असतात. आग कुठे लागली आहे, काय पेटलं आहे, आणि फोन कुठल्या नंबरवरून करताय. भरती झाल्या झाल्या हे घोटून घेतलं जातं. चौथा प्रश्न मात्र कुणी शिकवत नाही, तो नोकरीत आपोआप तोंडी बसतो: हे आपल्या हद्दीत येतं का?

मी शहराच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. मधल्या सगळ्या वर्षांत हा चौथा प्रश्न मी ऐकला, स्वतः विचारला, त्याची उत्तरं वर्दीच्या वहीत लिहिली. शहराच्या शेवटच्या वस्तीपलीकडून फोन आला की समोरच्या आवाजातली घाई तीच असायची. पण आमच्याकडे वरिष्ठांना विचारणं, परवानगी, हद्दीबाहेरची आकारणी, मागे शहरात काही पेटलं तर काय, ही चर्चा सुरू व्हायची. बहुतेक वेळा गाडी सुटायची, कारण परवानगी देणाऱ्यानेही कधीतरी होज खांद्यावर वाहिलेला असायचा. पण ती सुटायची त्या माणसाच्या भलेपणावर. त्या गावाचा आमच्यावर हक्क होता म्हणून ती सुटली, असं मला एकदाही लिहिता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी हिर्डोशीच्या खोऱ्यात, वडिलांच्या घरी राहायला आलो, आणि फोन करणाऱ्यांच्या बाजूला आलो.

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला धरून पश्चिमेला जातो. एका अंगाला जलाशय, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि डोंगराच्या सोंडांवर चार-दहा घरांच्या वाड्या. हिर्डोशी ओलांडली की वारवंड, शिरगाव, आणि पुढे वरंधा घाट. हा हिरडस मावळ. बांदलांच्या आणि बाजीप्रभूंच्या नावाने महाराष्ट्र त्याला ओळखतो. भोरपासून आम्ही पंचवीस-तीस किलोमीटरवर आहोत. हे अंतर नकाशावर फार नाही. वळणावळणाच्या रस्त्याने पाणी भरलेली जड गाडी आणायची, आणि मुख्य रस्ता सोडून वाडीच्या चढाला लावायची, तर मात्र तासाचा हिशेब धरावा लागतो. आणि कित्येक वाड्यांच्या शेवटच्या वळणावर मोठा बंब वळतच नाही.

आग विझवण्याच्या सेवेबद्दल देशपातळीवर सल्ला देणारी स्थायी अग्निशमन सल्लागार समिती १९५५ पासून आहे. तिचा निकष शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पहिली गाडी पोचावी, असा आहे. आम्ही परीक्षेसाठी तो पाठ केला होता. आता मी घराच्या अंगणातून समोरच्या वाडीकडे बघतो तेव्हा वीस मिनिटांत काय काय होतं ते मला ठाऊक असतं. भाताचा पेंढा पेटला तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत ज्वाळा कौलांना लागतात. वासे जुने, वाळलेले, धुराने काळवंडलेले. दहाव्या मिनिटाला छप्पर खाली बसतं.

एका चैत्रात आमच्या वरच्या अंगाच्या वाडीत असा एक गोठा पेटला. दुपारची वेळ. खाली जनावरं, वर माळ्यावर वर्षभराची वैरण. कर्ती माणसं लग्नाला गेलेली. बायका आणि दोन म्हातारे हांडे-कळशा घेऊन धावत होते, आणि वरून जळता पेंढा खाली गळत होता. पाणी मारून ती आग विझणार नव्हती हे मला पाहताक्षणी कळलं. पाणी तिथे ओतायचं नव्हतंच. ते शेजारच्या घराच्या भिंतीवर आणि कौलांवर मारायचं होतं, म्हणजे आग पुढे सरकली नसती. मी तसं ओरडून सांगितलं आणि बायकांनी तत्काळ रांग बदलली. शिकलेल्या माणसांना ही गोष्ट पटवायला कधी कधी वेळ लागतो. त्यांना एका वाक्यात पटली.

जनावरांचं वेगळंच असतं. पेटल्या गोठ्यातून म्हैस बाहेर निघत नाही. दावं कापलं तरी ती तिथेच घुटमळते, आणि बाहेर ओढली तर पुन्हा आत शिरायला बघते, कारण तिच्या लेखी सुरक्षित जागा तीच. तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकून, शिंगाला धरून तिला लांब नेऊन बांधावं लागतं. वाडीतल्या एका वहिनींनी हे कुणी न सांगता केलं. विळ्याने दावं कापलं, पदर नाकाला बांधला, पोतं टाकलं आणि दोन्ही म्हशी एकेक करून बाहेर आणल्या. मी पूर्ण गणवेशात, पाठीवर हवेची टाकी लावून आत शिरणारी माणसं आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांच्याइतकाच शांतपणा मी त्या दिवशी तिथे पाहिला.

कुणीतरी मला म्हणालं, “आण्णा, तुम्ही तिथलंच ना? बंब बोलवा की.”

बोलावला होता. शेजारचा म्हातारा म्हणाला, “त्यो येस्तवर राख हुईल.” तसंच झालं. गाडी आली तेव्हा चार भिंती उभ्या होत्या आणि आतून धूर येत होता. गाडीवरची पोरं प्रामाणिक होती. आल्या आल्या त्यांनी कूलिंग केलं, वासे उलथून आतली धग मारली. त्यातल्या एकाच्या पायात साधे बूट होते. कंत्राटावर आहे म्हणाला.

आता यात दोष कुणाचा? मला त्या पोरांचा दिसत नाही, त्यांना पाठवणाऱ्यांचाही नाही. दोष व्यवस्थेच्या मुळाशी आहे, आणि तो शोधायला राज्यघटना उघडावी लागते. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांच्या कामांची बारावी अनुसूची जोडली. तिच्यातल्या अठरा विषयांत अग्निशमन सेवा आहे. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची जोडली. तिच्यात एकोणतीस विषय आहेत. शेती, पिण्याचं पाणी, रस्ते, बाजार, सामाजिक वनीकरण, सगळं आहे. अग्निशमन नाही. म्हणजे आग शहराला लागली तर ती एका संस्थेची जबाबदारी, गावाला लागली तर आसपासच्या संस्थांची मर्जी. महाराष्ट्रात आगीपासून बचावाचा २००६ चा कायदा आहे, चांगला कायदा आहे, त्यासाठी आमच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी कष्ट घेतले आहेत. पण त्याचा सगळा रोख इमारतींवर: मालकाने यंत्रणा बसवावी, परवानाधारक संस्थेकडून तपासून घ्यावी, दर सहा महिन्यांनी दाखला द्यावा. कौलारू घर आणि पेंढ्याचा माळा त्यात कुठे बसणार?

शेजारी बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. गोव्यात अग्निशमन सेवा राज्य सरकारचीच आहे, वाळपई आणि पेडणेसारख्या ठिकाणी तिची केंद्रं आहेत. केरळात आणि तामिळनाडूत ती राज्याचं खातं आहे. तिथेही माणसं कमी पडत असतील, गाड्या जुन्या असतील. पण वर्दी घेणाऱ्याला हद्दीचा प्रश्न पडत नाही, कारण हद्द राज्याची आहे. आपल्याकडे राज्यात अग्निशमन संचालनालय आहे, कालिन्याला प्रशिक्षण केंद्र आहे, नागपूरला तर देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. ज्ञान आपल्या घरात आहे, आणि गाड्या ज्याच्या त्याच्या पालिकेच्या आवारात.

अग्निशमन अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकांना मी अजूनही जातो. दर वर्षी १४ एप्रिलला सगळे एकत्र येतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई दलाचे ६६ जवान कामावर असताना गेले. त्यांना मानवंदना देऊन झाली की पुढच्या वर्षाच्या मागण्यांची चर्चा होते. त्या मागण्या मला तोंडपाठ आहेत. रिक्त पदं, उंच शिड्या, कंत्राटी जवानांना कायम करणं, धुरातून होणाऱ्या आजारांची तपासणी, चांगले गणवेश. यातली एकही मागणी गैर नाही. मुंबईत नव्वद मीटरची शिडी आहे, कारण तिथे तेवढ्या उंचीवर माणसं राहतात, आणि त्यांना खाली आणणं हे आमचंच काम. पण या यादीत गाव कुठेच नसतं. कुणी मुद्दाम वगळलं आहे असं नाही. यादी करणारे आम्ही सगळे शहरांच्या सेवेत वाढलो, आणि ज्या ठिकाणाहून आपल्याला पगार मिळतो त्याच्या पलीकडचं दुखणं मागणीत उतरत नाही. माझं म्हणणं आहे की संघटनेने पहिल्या क्रमांकावर हेच घ्यावं. ग्रामीण भागाला अग्निशमन सेवेचा कायदेशीर हक्क, आणि तो पुरवण्याची राज्याची जबाबदारी. बाकीच्या मागण्यांना त्याने बळच मिळेल, कारण त्या मागणाऱ्यांच्या मागे मग अख्खा महाराष्ट्र असेल.

७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यात उरवडे इथल्या रासायनिक कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यात बहुतेक बायका, आसपासच्या गावांतून कामाला येणाऱ्या. त्यानंतर आमच्यात खूप बोलणं झालं, ते मुख्यतः कारखान्यांच्या तपासणीवर. ते हवंच. पण गावाच्या शिवारात आता रसायनं आहेत, गोदामं आहेत, फार्महाउसं आहेत, आणि त्या शिवाराचं स्वतःचं असं अग्निशमन अजून बहुतेक ठिकाणी नाही, हा मुद्दा दोन-तीन बैठकांनंतर मागे पडला.

आमच्या खोऱ्यात कारखाने नाहीत. आमची मोठी आग वणव्याची. इथे पाऊस असा कोसळतो की चार महिने लाकूड पेटत नाही, आणि होळीनंतर त्याच डोंगरावरच्या गवताला एक ठिणगी पुरते. राब भाजताना वारा फिरतो, कुणी बिडी टाकतो, कुणी गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं फुटतं या जुन्या समजुतीने मुद्दाम काडी लावतो. यात अलीकडे एक भर पडली आहे, ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. गुरं कमी झाली. पूर्वी जे गवत गुरांच्या पोटात जायचं आणि घरोघर कापून भरलं जायचं, ते आता डोंगरावर तसंच कंबरभर उभं राहून वाळतं. वणवा पूर्वीही लागायचा, पण त्याला एवढं खाद्य मिळत नव्हतं.

वणवा विझवायचा तो ओल्या डहाळ्यांनी. नवखा माणूस डहाळी डोक्यावरून उगारून आपटतो आणि ठिणग्या चार हात लांब उडवतो. डहाळी आगीवर टेकवायची, दाबायची आणि जळालेल्या बाजूकडे ओढत न्यायची. उभं राहायचंही जळालेल्या अंगालाच. आणि चढावर आगीच्या वरच्या बाजूला कधीही थांबायचं नाही, कारण आग चढाने माणसापेक्षा वेगाने पळते. हे मला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवलं नाही, माझ्या चुलत्यांनी शिकवलं. शहरातल्या तरुण अधिकाऱ्यांना मी सांगतो की हे तंत्र कालिन्यात आणि नागपुरात गावच्या माणसांकडून शिकून घ्या. रात्रीच्या वेळी, वारा पडल्यावर, दहा-बारा जाणती माणसं एका रेषेत चालली तर एक अख्खी सोंड वाचते.

डोंगर कुणाचा, यावरून आगीची मालकी ठरते हे इथे आल्यावर नीट उमगलं. वनखात्याचं राखीव जंगल असेल तर वनरक्षक येतो. त्याच्या मोबाइलवर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा इशारा येतो, त्याने उन्हाळ्याआधी जाळरेषा काढलेल्या असतात, त्याच्याकडे पानं उडवणारं यंत्र असतं. पण त्याच्याकडे माणसं मोजकी आणि डोंगर अफाट. आणि आमच्याकडचे कितीतरी डोंगर मालकीचे आहेत. काही गावकऱ्यांचे, काही विकत घेऊन कुंपण घातलेले, मालक शहरात. मालकीच्या डोंगरावरची आग वनखात्याची नाही, पालिकेची तर नाहीच. ती राखीव जंगलाच्या हद्दीला लागेपर्यंत किंवा घराच्या कुडाला लागेपर्यंत ती सरकारदरबारी कुणाचीच नसते. अग्निशमनाच्या वरिष्ठांनी वनखात्याशी बसून एक संयुक्त पद्धत ठरवली, की आग दिसली की सातबारा न बघता कुणी काय करायचं, तर अर्ध्या वणव्यांना पायथ्याशीच आवर घालता येईल.

मग बंब नसेल तर काय हवं? मला विचाराल तर प्रत्येक गावाला बंब मागणं हा हट्ट आहे. मोठ्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी, पूर्ण दाबाने सोडलं तर काही मिनिटांत संपतं, आणि मग भरायचा कुठे? आमच्या समोर पावणेबारा टीएमसीचं धरण आहे. दोन माणसं उचलतील असा तरंगता पंप, शे-दोनशे मीटर होज, ट्रॉलीला जोडता येईल अशी हजार लिटरची टाकी, हे हिर्डोशीसारख्या ठिकाणी ठेवलं तर आसपासच्या वाड्यांना वीस मिनिटांच्या आत पाणी मिळेल. अडचण एकच, आणि ती इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आग चैत्र-वैशाखात लागते, आणि तेव्हाच धरणाचं पाणी खालच्या तालुक्यांसाठी सोडून तळाला गेलेलं असतं. काठापासून पाण्यापर्यंत चिखलाचा रुंद पट्टा पडतो. पंप तिथवर न्यायला खडीचा एक पायरस्ता आधीच केलेला असावा लागतो. साहित्य खरेदीचं टेंडर काढणाऱ्याला हे ठाऊक नसतं, आणि मग पंप शेडमध्ये गंजतो.

हे साहित्य चालवणाऱ्या गावपथकात माणसं कुठली, हा त्याहून अवघड प्रश्न. जर्मनीत बहुतेक अग्निशामक स्वयंसेवक आहेत, चिलीत तर १८५१ पासून सगळी सेवाच स्वयंसेवकांची आहे. अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांची संघटना १८७३ ची. गावोगावच्या स्वयंसेवी दलांचे प्रश्न ती स्वतःचे म्हणून सरकारपुढे मांडते. केरळाने २०१८ च्या महापुरानंतर अग्निशमन केंद्रांना जोडून नागरी स्वयंसेवक तयार केले. आपल्याकडे आपदा मित्र योजना आहे, आणि भोर तालुक्यात दरीत उतरणारी, पाण्यात बुडी मारणारी स्वयंसेवी पथकं आहेत, त्यांचं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आमच्या वाडीत तरुण पोरगा जत्रेला आणि गणपतीला दिसतो. बाकी वर्षभर तो पुण्यात किंवा मुंबईत असतो. म्हणून मी इथल्या बचत गटाच्या बायकांना घेऊन सुरुवात केली. त्या कायम इथे असतात, सांगितलेलं शिस्तीने करतात, आणि त्या गोठ्याच्या दिवशी कोण उपयोगी पडलं ते सगळ्या वाडीने पाहिलं होतं. गॅसची टाकी पेटली तर न घाबरता ओलं पोतं कसं टाकायचं आणि रेग्युलेटर कसा बंद करायचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी करून दाखवलं. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या पहिल्या महिला, त्यांची गोष्ट मी सांगितली तेव्हा एकीने विचारलं, “त्यास्नी सरकारनं बूट दिलं आसतील न्हाई?”

बूट म्हणजे खरोखर मुद्द्याची गोष्ट. मागच्या एका उन्हाळ्यात वणवा विझवताना आमच्याकडच्या एका गड्याचे पाय भाजले. पायात स्लिपर. आठवडाभर भोरला दवाखान्यात होता, नंतर दोन महिने शेतात पाय टेकवता आला नाही. वनखात्याचा तो मजूर नव्हता, पालिकेचा जवान नव्हता, आपदा मित्राच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आग विझवायला जा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्यासाठी अर्ज लिहायला बसलो आणि ‘प्रति’ या शब्दापुढे कुणाचं नाव घालावं ते मला सुचेना. शेवटी वर्गणी काढली.

यंदाच्या बैठकीत म्हणून मी एक परिच्छेद लिहून दिला आणि तो मागण्यांच्या मसुद्यात सगळ्यांत वर घ्यावा असा आग्रह धरला. ग्रामपंचायतीने नोंदवलेल्या आणि अग्निशमन दलाने शिकवलेल्या गावपथकातल्या प्रत्येकाला कामावर असताना जवानासारखंच विमासंरक्षण असावं. त्याला बूट, हातमोजे आणि शिरस्त्राण राज्याने द्यावं. आणि हद्दीबाहेरच्या वर्दीची आकारणी गावाकडून न घेता राज्याने पालिकेला भरून द्यावी.

एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, “सर, पण लेखाशीर्ष कुठलं?” रास्त प्रश्न होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. तिच्यात राज्यानेही आपला २५ टक्के वाटा घालायचा असतो. तिच्या नावातच विस्तार आहे, आणि विस्तार म्हणजे जिथे सेवा नाही तिथे जाणं. तो निधी एकदाचा. दर वर्षीच्या खर्चासाठी मी शहरांतल्या इमारतींकडून वसूल होणाऱ्या अग्निशमन शुल्काचा एक हिस्सा जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी राखून ठेवा, असं सुचवलं. शहरातल्या काही प्रमुखांना ते पटलं नाही, आमचीच गरज भागत नाही म्हणाले. मी त्यांना सांगितलं की तुमच्या इमारतींतले वॉचमन, बांधकामावरचे गवंडी, घरकामाच्या मावशी आमच्याच खोऱ्यांतल्या आहेत, आणि त्यांची म्हातारी आईबापं इथे वैरणीखाली झोपतात. परिच्छेद मसुद्यात गेला आहे. पहिल्या क्रमांकाला अजून नाही, चौथ्यावर आहे. पुढची बैठक पावसाळ्याआधी आहे, आणि तिला मी आमच्या पथकातल्या दोघींना बरोबर घेऊन जाणार आहे.